इंदूरमध्ये राहून फार्मासिस्ट व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की रामबागेपासून सुदामानगरापर्यंत अनेक मराठी घरांत फार्मसीचा विषय निघतो. शिक्षणाचे आणि औषधविक्रीचे मूळ नियम देशभर एकच आहेत. प्रवेश, नोंदणी आणि नोकऱ्यांचे तपशील मात्र मध्य प्रदेशाचे आणि इंदूरचे दिले आहेत.

फार्मासिस्ट म्हणजे मेडिकलवालाच ना?

नाही. दुकानाचा मालक, काउंटरवरचा मुलगा आणि फार्मासिस्ट ही तीन वेगळी माणसं असू शकतात. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध तयार करणं, मिसळणं आणि देणं हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देऊ शकतात, तो अपवाद. दुकानाच्या मालकाकडे फार्मसीची पदविका नसली तरी चालतं, पण मग त्यानं फार्मासिस्ट नोकरीला ठेवायलाच हवा आणि औषध त्याच्या देखरेखीखालीच गिऱ्हाइकाच्या हातात जायला हवं. देखरेख म्हणजे तो माणूस दुकानात हजर असणं. खाली येणारे बरेचसे प्रश्न शेवटी याच मुद्द्यापाशी येतात.

डी.फार्म., बी.फार्म. की फार्म.डी.? आमच्या मुलाला कोणतं घ्यावं?

डी.फार्म. म्हणजे दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. स्वतःचं मेडिकल टाकायचं असेल, घरचं दुकान पुढे चालवायचं असेल किंवा सरकारी दवाखान्यातली फार्मासिस्टची जागा हवी असेल, तर एवढं शिक्षण पुरतं.

बी.फार्म. चार वर्षांची, आठ सेमिस्टरची पदवी आहे. औषध कारखाना, प्रयोगशाळा, औषध निरीक्षकाची परीक्षा किंवा पुढे एम.फार्म. यांपैकी काहीही मनात असेल तर हीच घ्या. डी.फार्म. झालेल्यांना बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी पदविका, मग नोकरी आणि नंतर पदवी हा मार्ग चांगला आहे. त्यात शिक्षणाचं एकच वर्ष जास्त जातं आणि मधल्या काळात हाताला काम मिळतं.

फार्म.डी. सहा वर्षांचं आहे, पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. भारतात हा अभ्यासक्रम २००८ मध्ये आला. वॉर्डात डॉक्टरांबरोबर राउंड घेणं, रुग्णाच्या औषधांचा आढावा घेणं, मात्रा तपासणं हा त्याचा गाभा. फार्म.डी. झालेल्यांना औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र नाही. पालकांनी हे आधीच नीट समजून घ्यावं. 'डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून फार्म.डी.' असं ठरवून आलेली मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी खचतात, कारण ती वेगळ्याच कामाची वाट बघत असतात.

बारावीला गणित होतं, जीवशास्त्र नव्हतं. चालेल का?

चालेल. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच. तिसरा विषय गणित किंवा जीवशास्त्र, कोणताही. गणितवाल्यांना पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र जड जातं आणि जीवशास्त्रवाल्यांना सौम्यीकरणाची (औषध पातळ करण्याची) आकडेमोड. वाणिज्य किंवा कला शाखेतून मात्र दार बंद आहे.

इंदूरमध्ये कुठे शिकता येतं? प्रवेश कसा होतो?

देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं स्कूल ऑफ फार्मसी खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरात आहे. एस.जी.एस.आय.टी.एस. या अभियांत्रिकी महाविद्यालयातही फार्मसी विभाग आहे. याशिवाय शहरात आणि शहराबाहेर बरीच खाजगी महाविद्यालयं आहेत आणि त्यांतली अनेक भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाशी जोडलेली आहेत. राज्याचं तंत्रशिक्षण संचालनालय ऑनलाइन काउन्सेलिंग करतं. नोंदणी, कॉलेजांचा पसंतीक्रम भरणं, जागावाटप, कागदपत्रांची पडताळणी असे टप्पे असतात. गुण चांगले असूनही मुलं मागे पडतात ती बहुतेक वेळा पसंतीक्रमात दोनच कॉलेजं भरल्यामुळे किंवा जात व मूळनिवासी दाखला मुदतीत हाती नसल्यामुळे. दाखले बारावीच्या परीक्षेआधीच काढून ठेवा.

कॉलेज मान्यताप्राप्त आहे की नाही हे कसं ओळखायचं?

फी भरण्याआधी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव शोधा. तीन गोष्टी बघा: तुमच्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का (बी.फार्म.ला असते आणि डी.फार्म.ला नसते असं होऊ शकतं), ती तुमच्या प्रवेशवर्षाला लागू आहे का, आणि जागा किती मंजूर आहेत. मंजूर जागांपेक्षा जास्त भरती केलेल्या कॉलेजात शेवटच्या मुलांची नोंदणी अडकते. 'यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं जिथे सांगतात तिथून उठून या. डी.फार्म.ला किमान ७५ टक्के आणि बी.फार्म.ला ८० टक्के हजेरी बंधनकारक आहे. अशा ठिकाणची पदविका नोंदणीच्या टप्प्यावर अडकू शकते, आणि नाही अडकली तरी काउंटरवर पहिल्याच आठवड्यात उघडी पडते.

अभ्यासात नक्की काय असतं?

डी.फार्म.च्या पहिल्या वर्षी फार्मास्युटिक्स (औषध बनवण्याचं शास्त्र), औषधी रसायनशास्त्र, वनौषधींचा अभ्यास, शरीररचना व शरीरक्रिया आणि सोशल फार्मसी. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी (औषध शरीरात कसं काम करतं), कम्युनिटी फार्मसी, जीवरसायन, उपचारशास्त्र, हॉस्पिटल फार्मसी आणि कायदा. मुलं सर्वांत घाबरतात ती फार्माकॉलॉजीला. तिथे औषधांची नावं सुटी पाठ करू नका, गटानं शिका. शेवटी 'प्रिल' दिसलं की रक्तदाबाचं एक कुटुंब, 'सार्टन' दिसलं की दुसरं, 'स्टॅटिन' दिसलं की कोलेस्टेरॉल. एका गटाचं काम, मुख्य त्रास आणि कोणाला द्यायचं नाही, एवढं पक्कं झालं की दहा औषधं एका फटक्यात समजतात. कायद्याचा पेपर मुलं हलक्यात घेतात. नोकरीत रोज लागतो तो तोच.

५०० तासांचं प्रशिक्षण कुठे करावं? नुसती सही मिळते म्हणतात.

सही मिळते हे खरं आहे, आणि तेच सर्वांत मोठं नुकसान आहे. या ५०० तासांतले किमान २५० तास चिठ्ठ्या बघून प्रत्यक्ष औषध देण्यात जायला हवेत. प्रशिक्षण सरकारी रुग्णालयात किंवा परवानाधारक औषधाच्या दुकानात करता येतं. शक्य असेल तर निम्मा वेळ गर्दीच्या रुग्णालयात आणि निम्मा वस्तीतल्या चालत्या दुकानात घालवा. रुग्णालयात एकाच दिवशी पन्नास प्रकारचं हस्ताक्षर बघायला मिळतं. दुकानात गिऱ्हाईक, उधारी, एक्सपायरी आणि कंपनीचे एम.आर. (विक्री प्रतिनिधी) कळतात.

पहिल्या महिन्यात रोज एका फळीवरची औषधं घ्या आणि वहीत चार रकाने करा: ब्रँडचं नाव, आतलं औषध, किती मिलिग्रॅम, कशासाठी. दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) दोन-चार दिवस उभं राहायला मिळालं तर सोडू नका. माल कसा येतो, बिलावर बॅच नंबर कसा पडतो, परतीचा माल कसा जातो, हे पुस्तकातून कळत नाही.

डी.फार्म.नंतरची एक्झिट परीक्षा काय आहे?

२०२२ च्या नियमांनी ती आली आणि पहिल्यांदा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर, बहुपर्यायी प्रश्न, माध्यम इंग्रजी. प्रत्येक पेपरात स्वतंत्रपणे ५० टक्के हवेत आणि तिन्ही एकाच खेपेत सुटायला हवेत. दोन पास, एक नापास झालं तर तिन्ही पुन्हा द्यावे लागतात. किती वेळा द्यायची यावर मर्यादा नाही. बी.फार्म.वाल्यांना ही परीक्षा नाही.

नोंदणी कशी करायची? कागद कुठे अडतात?

मध्य प्रदेश राज्य फार्मसी कौन्सिल भोपाळला आहे आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. दहावीची गुणपत्रिका (जन्मतारखेसाठी), बारावीची, प्रत्येक वर्षाची किंवा सेमिस्टरची गुणपत्रिका, पदविका किंवा पदवी प्रमाणपत्र, प्रशिक्षणाचा दाखला, पदविकावाल्यांसाठी एक्झिट परीक्षेचा निकाल, आधार, फोटो आणि सही हे सगळं जवळ ठेवा. कौन्सिल गुणपत्रिकांची पडताळणी करून घेते आणि वेळ बहुतेक तिथेच जातो.

मराठी घरांतल्या मुलांचा अर्ज एका खास कारणानं अडतो: नाव. आपल्याकडे आधारवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सलग लिहिलेलं असतं. इथल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत येतं. कुठे 'जोशी'चं स्पेलिंग एक, कुठे दुसरं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं तर आणखी वेगळं. कॉलेजला प्रवेश घेतानाच दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं नाव आहे, अक्षर न अक्षर तसंच सगळीकडे लावा. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. अंतिम गुणपत्रिका छापून आल्यावर दुरुस्ती करायला महिने लागतात.

नोंदणी झाली म्हणजे कायमची झाली असं नाही. नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. ती चुकली तर त्या काळात दिलेलं प्रत्येक औषध नोंदणीशिवाय दिल्यासारखं होतं.

इंदूरला नोंदणी झाली, आता पुण्याला राहायला जायचंय. काय करावं?

दोन राज्यांत एकाच वेळी नाव ठेवता येत नाही. इथल्या कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे नोंदणी हलवायची. तिकडे नोकरी लागण्याआधीच अर्ज टाका. मधल्या काळात तिथल्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून नाव लावता येणार नाही.

काउंटरवर फार्मासिस्ट करतो तरी काय? औषध काढून देणं तर कोणीही करतं.

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

चिठ्ठी हातात आली की आधी फळीकडे जायचं नाही. रुग्णाचं नाव आणि वय, तारीख, डॉक्टरांची सही, प्रत्येक औषधाची मात्रा आणि दिवस, एवढं वाचायचं. चिठ्ठी वडिलांची आणि घ्यायला मुलगा आला असेल तर 'कोणासाठी?' हे विचारायचंच. मग चालू असलेल्या गोळ्या विचारायच्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला कोणी दुखण्याची गोळी लिहिली असेल, तर डॉक्टरांना फोन करणं हेच काम.

नावांची गफलत रोजची आहे. मेटफॉर्मिन मधुमेहाचं, मेट्रोनिडाझोल जुलाबाचं, आणि घाईच्या हस्ताक्षरात दोन्ही 'मेट्र' असं काहीसं दिसतं. मधुमेह आहे का, जुलाब होतायत का, एवढं विचारलं की उलगडा होतो. उलगडा झाला नाही तर अंदाजानं द्यायचं नाही. सारखी दिसणारी खोकी एका फळीवर शेजारी ठेवू नयेत, मग वर्णानुक्रम मोडला तरी चालेल.

लहान मुलांच्या औषधात चुका सर्वांत जास्त, आणि त्या आकड्यांच्या असतात. पॅरासिटामॉल घ्या. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर एका वेळी १८० मिलिग्रॅम. आता बाटली ५ मिलीत १२० मिलिग्रॅमची असेल तर ७.५ मिली, ५ मिलीत २५० मिलिग्रॅमची असेल तर ३.६ मिली, आणि थेंबांची असेल, म्हणजे १ मिलीत १०० मिलिग्रॅम, तर फक्त १.८ मिली. औषध तेच, ताप तोच, आणि मात्रा चौपटीपर्यंत बदलते. आईनं घरात थेंबांच्या बाटलीतून नेहमीचा ५ मिलीचा चमचा भरून दिला तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. म्हणून 'अर्धा चमचा' असं कधीच सांगू नये. मापाच्या टोपीवर किंवा पिचकारीवर पेनानं रेघ मारून द्यावी आणि आईकडून एकदा पाण्यानं भरून घ्यावं.

भुकटीच्या अँटिबायोटिक सिरपचंही तसंच. आधी बाटली आपटून भुकटी मोकळी करायची. मग उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घालून हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत भरायचं. एकदम भरलं तर फेसामुळे खूण फसते आणि पाणी कमी पडून औषध घट्ट होतं. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहायची. बहुतेकांची मुदत सात दिवसांची असते, काहींची पाच. उरलेलं पुढच्या तापासाठी जपून ठेवायचं नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण घरोघरी ते ठेवलेलं असतं.

मेथोट्रेक्सेट हे नाव पाठ असू द्या. सांधेदुखीसाठी ते आठवड्यातून एकदा घेतात. रोज घेतलं तर रक्तपेशी तयार होणं थांबून जीव जातो. चिठ्ठीवर वार लिहिलेला नसेल तर डॉक्टरांना विचारून पाकिटावर 'फक्त सोमवारी' असं मोठ्या अक्षरात लिहायचं आणि रुग्णाकडून ते मोठ्यानं वाचून घ्यायचं.

थायरॉईडची गोळी अनशापोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. स्टिरॉइडचा इन्हेलर ओढल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. हाडांची ॲलेंड्रोनेटची गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. एक लिटरचं ओआरएसचं पाकीट एका पेल्यात ढवळायचं नाही. यातलं प्रत्येक वाक्य बोलायला दहा सेकंद लागतात, आणि ती दहा सेकंदं देण्यासाठीच फार्मासिस्ट तिथे उभा असतो.

चिठ्ठीशिवाय काय देता येतं? एच, एच-१, एक्स म्हणजे काय?

शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीवरच द्यायची औषधं. १ मार्च २०१४ पासून एच-१ लागू झालं. त्यात सुरुवातीला ४६ औषधं होती: वरच्या पिढीतली अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं आणि झोपेच्या व सवय लागणाऱ्या काही गोळ्या. एच-१ साठी वेगळं रजिस्टर लागतं. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या औषध देतानाच लिहायची, आणि ते तीन वर्षं जपायचं. रात्री दुकान बंद करताना आठवून लिहिलेलं रजिस्टर तपासणीत बिलांशी जुळत नाही. शेड्यूल एक्ससाठी, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणातल्या नशा आणणाऱ्या औषधांसाठी, वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दोन वर्षं ठेवावी लागते आणि माल कुलुपात.

एक चिठ्ठी एकदाच, डॉक्टरांनी पुन्हा द्यावं असं लिहिलं नसेल तर. औषध दिल्यावर तिच्यावर दुकानाचं नाव आणि तारीख टाकायची. बीटामेथासोन, क्लोबेटासोलसारखी स्टिरॉइडची मलमंही चिठ्ठीचीच आहेत. गोरेपणासाठी ती मागणाऱ्या मुली रोज येतात. त्वचा पातळ होते, पुरळ येतं, चेहऱ्यावर केस येतात आणि मलम बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, हे त्यांना समजावून सांगावं. नुसतं 'नाही' म्हटलं तर त्या पुढच्या दुकानात जातात.

लिहिलेला ब्रँड नसेल तर तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देऊ का?

नियमाप्रमाणे लिहिलेल्या औषधाच्या जागी दुसरं देता येत नाही. डॉक्टरांना फोन करून होकार घ्या आणि चिठ्ठीवर तशी नोंद करा. मूळ नावानं, म्हणजे जेनेरिक नावानं लिहिलं असेल तर स्वस्तातला पर्याय दाखवणं हे आपलं काम आहे आणि ते मोकळ्या मनानं करावं. फिट्सची औषधं, थायरॉईड आणि रक्त पातळ करणारी औषधं यांत मात्र ब्रँड मध्येच बदलू नये. फरक थोडा असला तरी रुग्णाच्या रक्तात तो दिसतो.

फ्रिजची एवढी काळजी कशाला?

इन्सुलिन आणि लसींना २ ते ८ अंश लागतात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो, त्यात वीज गेली आणि घरगुती फ्रिज वारंवार उघडला की आत बारा-पंधरा अंश व्हायला वेळ लागत नाही. आत थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. दारात इन्सुलिन ठेवू नका. बर्फाच्या कप्प्याला टेकूनही ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसतं, पण काम करत नाही, ते टाकूनच द्यायचं. गिऱ्हाइकाला देताना पिशवीत बर्फाची थैली द्या, पण ती कुपीला थेट लागू देऊ नका. फ्रिजमध्ये पाण्याची बाटली आणि डबा ठेवण्याची सवय पहिल्या दिवशीच मोडा.

छिंदवाड्यात सिरपमुळे मुलं दगावली. तिथे काउंटरवरचा फार्मासिस्ट काय करू शकला असता?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं सिरप घेतलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू झाले. सिरपच्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं, तब्बल ४८.६ टक्के. हे औद्योगिक द्रावण आहे, गोड लागतं, आणि औषधात वापरायच्या प्रॉपिलीन ग्लायकॉलऐवजी किंवा त्यातल्या भेसळीतून सिरपमध्ये शिरतं. अमेरिकेत १९३७ मध्ये याच विषानं शंभरावर माणसं गेली आणि मुंबईतही १९८६ मध्ये भेसळीच्या ग्लिसरीनमधून बळी गेले.

बाटलीकडे बघून हे विष ओळखता येत नाही. ती जबाबदारी कारखान्याच्या प्रयोगशाळेची आणि सरकारी तपासणीची. पण काउंटरवरही बरंच करता येतं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ही सर्दी-खोकल्याच्या औषधातली जोडी ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले होते. तो वाचून चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करता येतो. चिठ्ठीशिवाय लहान मुलांना खोकल्याचं सिरप न देता परत पाठवता येतं. प्रत्येक बिलावर बॅच नंबर टाकला असेल, तर बंदीची सूचना आल्यावर त्याच तासाला माल बाजूला काढून, ज्यांना विकला त्यांना फोन करता येतात. हातानं फाडलेल्या कच्च्या बिलात हे अशक्य आहे. आणि आई-वडिलांना सांगता येतं की औषध सुरू केल्यावर लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबेनात, तर बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठा. औषधाचा असा कोणताही त्रास दिसला की राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवायचं. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

सर्टिफिकेट दुकानाला 'लावून' घरी बसता येतं म्हणतात. खरं का?

असं चालतं, आणि ते बेकायदा आहे. महिन्याला ठरलेले पैसे घेऊन प्रमाणपत्र भिंतीवर टांगायला द्यायचं आणि स्वतः दुसरीकडे नोकरी करायची, अशी ही रीत. त्या दुकानात चुकीचं औषध गेलं, नशेच्या गोळ्या विकल्या गेल्या, तर परवान्यावर नाव तुमचं आहे. कौन्सिल नोंदवहीतून नाव काढू शकते, दुकानाचा परवाना निलंबित होऊ शकतो, आणि नशेच्या औषधांचं प्रकरण असेल तर पोलीसही तुमच्याच दारात येतात.

याहून मोठी गोष्ट म्हणजे वर सांगितलेलं एकही काम त्या दुकानात होत नाही. पिचकारीवर रेघ मारायला तिथे कोणी नसतं. पोराच्या पहिल्या नोकरीबद्दल विचार करणाऱ्या पालकांना कळकळीची विनंती आहे, ही 'वरकमाई' मुलाला सुचवू नका.

नोकरी सोडताना औषध प्रशासनाला लेखी कळवा आणि पोचपावतीची प्रत जपून ठेवा. मालकाला तोंडी सांगून निघून गेलात तर तुमचं नाव त्या परवान्यावर तसंच राहतं, आणि पुढच्या ठिकाणी नाव लावताना अडचण येते.

स्वतःचं मेडिकल टाकायला काय लागतं?

किरकोळ विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर जागा, किरकोळ आणि घाऊक दोन्ही असेल तर १५. अर्ज फॉर्म १९ मध्ये. परवाने फॉर्म २० आणि २१ चे, प्रत्येकी १५०० रुपये शुल्क. जागेचा नकाशा, भाडेकरार किंवा मालकीचा कागद, फार्मासिस्टची नोंदणी व नेमणूकपत्र, फ्रिजचं बिल. मग निरीक्षक जागा बघून जातात. परवाना पुढे चालू ठेवण्यासाठी दर पाच वर्षांनी शुल्क भरायचं.

जागा मोजताना पोटमाळा धरू नका, भाडेकरारात 'औषध दुकानासाठी' असा उल्लेख करून घ्या, आणि परवाना हाती येईपर्यंत माल भरू नका.

कमाईचं गणित शांतपणे मांडा. सरकारनं किंमत बांधून दिलेल्या औषधांवर दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला आहे. त्यातून भाडं, वीज, पगार आणि गिऱ्हाइकांना द्यावी लागणारी सूट. जनऔषधी केंद्राला छापील किमतीवर, कर वगळून, २० टक्के मिळतात. नवी दुकानं बुडतात ती बहुधा एक्सपायरीत. कंपनीच्या सवलतीच्या 'स्कीम'च्या मोहानं एकाच गोळीची दहा खोकी घेतली जातात. दर महिन्याला पुढच्या तीन महिन्यांत संपणारा माल वेगळा काढा, स्टॉकिस्टला वेळेत परत करा, आणि मुदत संपलेला माल 'विक्रीसाठी नाही' असं लिहिलेल्या वेगळ्या खोक्यात ठेवा. तो फळीवर सापडला तर 'विकत नव्हतो' हे कोणी ऐकत नाही.

पीथमपूरच्या कंपन्यांत काम कसं असतं?

पीथमपूर, सांवेर रोड आणि देवास यांमुळे इंदूरच्या बी.फार्म.वाल्यांना घर न सोडता कारखान्यात काम मिळू शकतं. सुरुवात उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण किंवा गुणवत्ता हमी यांपैकी एका विभागात होते. उत्पादनात शिफ्ट असते, उभं राहावं लागतं, टोपी-मास्क-गाऊन घालून आठ तास. गुणवत्ता नियंत्रणात गोळ्यांची तपासणी: ठिसूळपणा बघायला ड्रम मिनिटाला २५ या गतीनं १०० फेऱ्या फिरवतात आणि वजनातली घट १ टक्क्याच्या आत असावी लागते. साधी, लेप नसलेली गोळी १५ मिनिटांत फुटून सुटी व्हावी लागते.

इथे सर्वांत मोठी परीक्षा लिहिण्याची आहे. जे केलं ते त्याच क्षणी लिहायचं, चूक झाली तर एक रेघ मारून सही-तारीख टाकायची, पांढरी शाई कधीच वापरायची नाही. आकडा 'बसवण्याची' सवय लागलेला माणूस या क्षेत्रात टिकू नये, आणि छिंदवाड्यानंतर त्याचं कारण वेगळं सांगायला नको. पदवीनंतर उत्पादनात १८ महिन्यांचा अनुभव झाला की कायद्यानं लागणारा सक्षम तांत्रिक कर्मचारी म्हणून मंजुरीसाठी नाव पाठवता येतं. पगार आणि मान दोन्ही तिथून वाढतात.

सरकारी नोकरी?

फार्मासिस्ट ग्रेड-२ ची भरती भोपाळच्या कर्मचारी निवड मंडळातर्फे निघते. रेल्वे, राज्य विमा रुग्णालयं आणि सैन्यदलातही जागा असतात. चालू नोंदणी नसेल तर अर्जच बाद होतो. औषध निरीक्षक व्हायला पदवी लागते, पदविका चालत नाही, आणि निवड राज्य लोकसेवा आयोगातून होते.

पगार किती मिळतो?

डी.फार्म.नंतर दुकानातला पहिला पगार कमीच असतो, हे आधीच मान्य करून चाला. नुसता आकडा बघू नका. किती तास, साप्ताहिक सुट्टी, भविष्य निर्वाह निधी, आणि नियुक्तिपत्र देतात का, हे विचारा. इन्सुलिनची पेनं, इन्हेलर, एच-१ रजिस्टर आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर ज्याला नीट येतं त्याला मालक सोडत नाही. मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी असते, पण शिकायला सर्वांत जास्त तिथेच मिळतं.

परदेशात जाता येतं का?

अमेरिकेसाठी आपली चार वर्षांची बी.फार्म. पुरत नाही, तिथे किमान पाच वर्षांचं फार्मसी शिक्षण मागतात, म्हणून फार्म.डी. आखाती देशांत बी.फार्म., अनुभव आणि तिथली परवाना परीक्षा यांवर काम होतं.

शिक्षण मराठी किंवा हिंदी माध्यमातून झालंय. इंग्रजी कच्चं आहे. जमेल?

जमेल. पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीत आहेत, पण लागणारे शब्द मर्यादित आहेत. पहिल्या सहा महिन्यांत रोज दहा संज्ञा अर्थासकट वहीत उतरवल्या की गाडी रुळावर येते. चिठ्ठीवरची बी.डी. (दिवसातून दोनदा), टी.डी.एस. (तीनदा), एच.एस. (झोपताना), एस.ओ.एस. (गरज पडल्यास) ही लॅटिनची संक्षिप्त रूपं तर इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही नव्यानंच शिकावी लागतात.

काउंटरवर उलटी गरज असते. सकाळी मराठी आजी येतात, दुपारी माळवी बोलणारा शेतकरी, संध्याकाळी निमाडहून एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलात रुग्ण घेऊन आलेलं कुटुंब. 'अनशापोटी' एकाला कळतं, 'खाली पेट' दुसऱ्याला. वाचता न येणाऱ्यासाठी पाकिटावर सकाळला सूर्य आणि रात्रीला चंद्र काढा, गोळ्या जितक्या तितके ठिपके द्या, जेवणाआधीची असेल तर रिकामं ताट आणि नंतरची असेल तर भरलेलं. मग पाकीट त्यांच्या हातात देऊन विचारा, 'आता तुम्ही मला सांगा, ही केव्हा घ्यायची?' उत्तर चुकलं तर पुन्हा समजावून सांगा आणि पुन्हा विचारा.